दीड बैलजोडीचे यंत्र

उत्तर इलिनॉयमध्ये, रॉक नदीच्या खोऱ्यात, ज्यांच्याकडे पाच-सात एकर जमीन आहे पण ज्यांचे पोट त्या जमिनीवर अवलंबून नाही, अशा बहुतेकांच्या गॅरेजात एक एटीव्ही उभी असते. फुगीर टायरांची चार चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि घोड्यावर बसावे तशी बैठक असलेले हे वाहन मुळात शेतासाठी घडवलेलेच नाही. हिवाळ्यात मोटारसायकली विकल्या जात नाहीत, म्हणून अमेरिकेतील विक्रेत्यांना बर्फाच्या दिवसांतही विकता येईल असे काहीतरी हवे होते, आणि त्या गरजेतून होंडाने 1970 मध्ये तीन चाकांची पहिली गाडी इथल्या बाजारात आणली. सुझुकीची चार चाकांची गाडी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस आली. तीन चाकांच्या गाड्या वळणावर उलटत आणि माणसे दगावत, त्यामुळे 1988 मध्ये त्यांची विक्री या देशात बंद झाली. खेळ म्हणून आलेले हे वाहन पुढे कुंपण दुरुस्त करायला, बर्फ ढकलायला, सरपण वाहायला आणि शेवटी माती उकरायला जुंपले गेले.

माती उकरण्याच्या कामात सर्वांत पुढे आहेत ते शिकारी. हरणे आपल्या रानाकडे यावीत म्हणून झाडीच्या कडेला क्लोव्हर, सलगम किंवा ओट यांचे छोटे तुकडे पेरण्याची इथे रीत आहे. ट्रॅक्टर त्या झाडीत शिरत नाही, एटीव्ही शिरते. तिच्यामागे ओढायची अवजारे बाजारात मिळतात, पण ती घरी बनवणाऱ्यांचा एक मोठा आणि अत्यंत हौशी वर्ग आहे. जुन्या लोखंडी पलंगाच्या अँगलला खिळे जोडून केलेला दाताळा, जाळीच्या कुंपणाचा तुकडा आणि त्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवून केलेली फळी, भंगारातल्या तव्यांचा कुळव, असे नमुने या भागात घरोघरी दिसतात. ती जाळी प्रथम पाहिली तेव्हा मला आमच्याकडची बाभळीची फांदी आठवली. पेरणीनंतर बी झाकायला तीच ओढत असत. काम तेच, फक्त इथे काटे बोचत नाहीत.

मी सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीजवळच्या एका गावचा. नोकरीनिमित्त इकडे आलो आणि कालांतराने थोडी जमीन घेतली. कांदा, लसूण, मका, भोपळा एवढेच मी पिकवतो. माझ्या जमिनीला ट्रॅक्टर परवडत नाही आणि शोभतही नाही. जुनी एटीव्ही जमिनीबरोबरच पदरात पडली होती, म्हणून तिच्यामागची अवजारे घरीच करण्याच्या नादाला लागलो. या नादातून माझे जे मत बनले आहे, ते इथे जरा सविस्तर मांडतो.

मत असे की, एटीव्हीची अवजारे बनवणारे जवळजवळ सगळे लोक ट्रॅक्टरच्या अवजाराची लहान प्रतिकृती करायला जातात, आणि तिथेच फसतात. त्यांनी नमुना घ्यायला हवा तो बैलाच्या अवजाराचा.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. मध्यम आकाराच्या एटीव्हीचे इंजिन तीस-पस्तीस अश्वशक्तीचे असते. आकडा ऐकून माणूस हुरळून जातो, कारण आमच्याकडे तेवढ्या ताकदीचा ट्रॅक्टर दोन फाळांचा नांगर सहज ओढतो. परंतु मातीतले अवजार ओढताना इंजिनाची ताकद फार उशिरा संपते आणि चाकाची पकड फार लवकर संपते. गाडीचे वजन तीनशे किलो आणि स्वाराचे पंचाहत्तर धरले, तर चार चाकांखाली पावणेचारशे किलो भार आहे. मोकळ्या केलेल्या मातीवर टायर या भाराच्या साधारण चाळीस टक्के एवढीच ओढ देऊ शकतो, म्हणजे दीडशे किलो. त्यातील पस्तीस-चाळीस किलो स्वतःची चाके भुसभुशीत मातीतून पुढे नेण्यातच खर्च होतात. अवजाराच्या वाट्याला उरते सुमारे एकशे दहा किलो ओढ. त्यापुढे एक्सिलरेटर कितीही पिळला तरी चाके जागच्या जागी फिरतात आणि खड्डे पाडतात.

आता बैलाकडे वळू. बैल दिवसभर सातत्याने स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी ओढ देतो, असा ढोबळ नियम आहे. चारशे-चारशे किलोच्या जोडीची ओढ ऐंशी किलो. ताशी अडीच किलोमीटरच्या चालीने ही ताकद पाऊण अश्वशक्तीच्या आसपास भरते. म्हणजे तीस अश्वशक्तीचे हे गुरगुरणारे यंत्र मातीत फार तर दीड बैलजोडीचे आहे. बैलापेक्षा दुप्पट-अडीचपट वेगाने ते चालते, ही जमेची बाजू; पण त्या वेगानेही जोखडाशी म्हणावी तेथे, हुकापाशी, जेमतेम अडीच अश्वशक्ती पोहोचते. बाकीची टेकडी चढायला आणि आवाज करायला उपयोगी पडते.

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा चारशे-पाचशे किलो छापलेली असते, ती वाचून लोक जड अवजार घडवतात. तो आकडा चाकांच्या ट्रेलरचा आहे, सपाट जमिनीवरचा. चाकावरचे पाचशे किलो गडगडत येतात, मातीत रुतलेले पाते गडगडत नाही. त्याची ओढ वजनावर नव्हे, तर ते किती रुंद आणि किती खोल माती कापते यावर ठरते. हलक्या मातीत दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास आणि भारी चिकणमातीत त्याच्या दुप्पट-तिप्पट विरोध होतो. वीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल तास, म्हणजे नांगराची चर, भारी जमिनीत काढायचा म्हटले, तरी एकशे वीस किलो ओढ लागते. एटीव्हीचा हिशेब तिथेच संपला. म्हणून एटीव्हीने नांगरट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रेअरीच्या गवताची मुळे प्रथम फोडताना इथल्या वसाहतवाल्यांनी एका नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपल्या होत्या, आणि आमच्याकडे काळ्या रानात आठ बैलांचा नांगर चालत असे. ते काम दीड जोडीचे नव्हेच. पहिली फोड मी शेजारच्या निवृत्त शेतकऱ्याकडून ट्रॅक्टरने करून घेतली. त्यानंतरची मशागत, जिला आपण कुळवाची पाळी म्हणतो, ती मात्र या गाडीच्या हातातली आहे.

कुळव हे अवजार किती हुशारीने घडवलेले आहे, हे ते स्वतः घडवायला घेतल्याशिवाय कळत नाही. आडवे जाड दिंड, म्हणजे लाकडी तुळई, त्यातून खाली आलेले दोन पाय, आणि त्या पायांत बसवलेली लोखंडी फास, म्हणजे आडवे पाते. फास जमिनीखाली दोन-अडीच इंचांवरून सपाट सरकते, तणाची मुळे कापते, वरचा थर सैल करते आणि तो तिथेच ठेवते. माती उलटत नाही, त्यामुळे ओल टिकते. अडीच फूट रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल काप म्हणजे सुमारे पावणेचारशे चौरस सेंटिमीटर माती, आणि मोकळ्या रानात तिची ओढ नव्वद-पंचाण्णव किलो. दीड जोडीच्या मर्यादेत हे बरोबर बसते. तव्यांच्या कुळवाचे तसे नाही. तवा मातीत शिरतो तो वजनाने, आणि वजन वाढवले की ओढ वाढते. वजन कमी ठेवले तर तवे गवतावरून नुसते फिरत जातात. शिकाऱ्यांच्या तव्यांवर सिमेंटचे ठोकळे का बांधलेले असतात ते यावरून कळावे. फासेला असे ओझे लागत नाही. तिला पुढे झुकता कोन दिला की ती स्वतःच माती शोधत खाली जाते.

हा कोन मात्र नाजूक आहे. मी सांगाडा जोडत असताना गावाकडच्या आबांशी फोनवर बोलणे होत असे. वेल्डिंग कसले करतोस, पाइप कुठला घेतलास, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. त्यांचा प्रश्न एकच असे: “अरे, फासेला उतार किती दिलास?” अंश सांगितले तर त्यांना ते पटत नव्हते. “फास जमिनीवर ठेव आणि मागच्या कडेखाली बोट घालून बघ. करंगळी जायला पाहिजे, अंगठा जाता कामा नये.” मी मोजून पाहिले. आमच्या घरच्या फासेच्या रुंदीला करंगळी म्हणजे दहा-बारा अंश होतात, आणि तेवढाच कोन कमीत कमी ओढीत खोली धरून ठेवतो.

खरी अडचण आली ती ओढीच्या उंचीची. बैलाच्या मानेवरचे जू चार फुटांवर असते. दांडी तिथून तिरकी खाली येते, त्यामुळे ओढताना कुळव थोडा वर उचलला जातो आणि त्याला दाबून ठेवायला रुमण्यावर, म्हणजे कुळवाच्या मुठीवर, हात लागतो, किंवा दिंडावर एखादे पोर बसवावे लागते. लहानपणी आम्ही सर्वांनी ती नोकरी केलेली आहे. एटीव्हीचा हुक गुडघ्याच्याही खाली, फूट-सव्वा फुटावर असतो. इथे ओढ जवळजवळ आडवी होते, वर उचलणारा जोर राहत नाही, आणि फास आपल्या कोनाच्या जोरावर खालीखाली जाऊ लागते. म्हणजे बैलाच्या कुळवाला दाबायची जी गरज होती, ती इथे उलटून थोपवायची गरज होते. त्यासाठी फासेच्या मागे-पुढे नव्हे, तर दिंडाच्या दोन्ही टोकांना लहान चाके लावली आणि त्यांची उंची खिळीने बदलता येईल अशी भोके पाडली. चाक एका भोकाने वर घेतले की फास तेवढीच खोल जाते, त्यापुढे जात नाही.

तीच चाके एका लांब तरफेने पूर्ण खाली दाबली की सगळा कुळव जमिनीपासून वीतभर उचलला जातो. बांधाला वळताना हे लागतेच. आमच्याकडे गडी रुमणे धरून कुळव उचलतो आणि बैलांना वळवतो. एटीव्हीवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात हँडलवर गुंतलेले असतात, त्यामुळे तरफेला दोरी बांधून ती बैठकीपर्यंत आणली. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी विजेची दांडी यासाठी पुष्कळ लोक वापरतात, आणि ती सोयीचीही आहे. पण दोरी तुटली तर ती गाठ मारून पुन्हा चालते.

हुक खालीच ठेवावा, हे मात्र सोयीचे नव्हे, जिवाचे प्रकरण आहे. फास एखाद्या मुळात किंवा दगडात अडकली आणि साखळी मागच्या आसापेक्षा उंच बांधलेली असेल, तर चाके गाडीला पुढे नेण्याऐवजी गाडीचे तोंडच वर उचलतात, आणि तीनशे किलोचे वाहन स्वाराच्या छातीवर येते. सामान ठेवण्याच्या मागच्या जाळीला साखळी बांधून काहीतरी ओढणारे लोक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी तिथून दूर उभा राहिलो आहे.

दगडांची भीती इथे खरी आहे. हिमयुगातील हिमनद्यांनी उत्तरेकडून आणून टाकलेले गोटे या मातीत जागोजाग आहेत. हिवाळ्यात जमीन गोठते, दगडाखाली साचलेले पाणी बर्फ होऊन फुगते आणि दगडाला वर ढकलते, म्हणून गेल्या वर्षी वेचून काढलेल्या रानात वसंतात नवे दगड उगवलेले दिसतात. आमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरचे सारे आत जाते. इथली जमीन आतले बाहेर काढते. अशा दगडाला फास आपटली की काहीतरी तुटणारच, तेव्हा काय तुटावे हे आपणच ठरवून ठेवलेले बरे. पाय दिंडाला दोन बोल्टांनी जोडलेला आहे. त्यातला एक भक्कम आहे आणि दुसरा मुद्दाम मऊ लोखंडाचा, पाव इंची. दगड लागला की मऊ बोल्ट तुटतो, पाय भक्कम बोल्टाभोवती मागे फिरतो आणि फास वाचते. नवा बोल्ट टाकायला दोन मिनिटे लागतात. असे बोल्ट खिशात असले म्हणजे झाले.

फासेसाठी लोखंड शोधायला फार फिरावे लागले नाही. आमच्या गावचा लोहार कुळवाची फास, कोयता आणि खुरपे एकाच मालातून काढायचा, तो म्हणजे ट्रकच्या कमानीचे पाटे. इथेही भंगारवाल्याकडे मोडक्या ट्रेलरांच्या कमानी पडलेल्या असतात. या पोलादात कार्बन सुमारे 0.6 टक्के असतो, त्यामुळे ते धार धरते, आणि वाकूनही सहसा तुटत नाही. पण याच कार्बनमुळे ते वेल्डिंगला वाईट. सांधा थंड होताना कडेला बारीक चीर जाते आणि ती पुढे कधीतरी ऐन कामात उघडते. म्हणून फास वेल्ड न करता बोल्टनेच बसवावी. भोके पाडण्यापूर्वी पाटा लालबुंद तापवून राखेत सावकाश थंड होऊ दिला की ड्रिल शिरते. मग धार लावून पुन्हा तापवून तेलात विझवावा आणि थोडा मऊ करून घ्यावा. लोहार हे सगळे रंगावरून करायचा. मी चुंबकाची मदत घेतो: पोलाद योग्य इतके तापले की त्याला चुंबक चिकटेनासा होतो.

मी राहतो तिथून ग्रँड डिटूर हे गाव दूर नाही. व्हरमाँटहून आलेला जॉन डीअर नावाचा लोहार तिथे राहत होता. पूर्वेकडच्या वाळूमिश्रित मातीत चालणारे ओतीव लोखंडाचे नांगर या चिकट काळ्या मातीत दर काही पावलांनी थांबून खरवडावे लागत. डीअरने 1837 मध्ये लाकूड कापायच्या गिरणीतल्या मोडक्या करवतीच्या पात्यापासून नांगर केला. ते पोलाद घासून गुळगुळीत केलेले असल्याने माती त्याला चिकटेना. त्याच्या लोहारशाळेची उत्खननात सापडलेली जागा आज जतन करून ठेवली आहे. आज त्या नावाचे अजस्र हिरवे ट्रॅक्टर माझ्या कुंपणापलीकडे दिवसरात्र फिरतात, पण मुळात ते एका माणसाने भंगारातून केलेले घरगुती अवजारच होते.

आमच्या बाजूची गोष्ट मला यापेक्षा अधिक जवळची वाटते, आणि हा गावाभिमान आहे हे मान्य. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते, आणि 1903 च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष बाधते, या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात, आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षे गेली. पुढे 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकल आणि शेती यांचे नाते तिथे संपले नाही. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांना बैल परवडत नव्हते. सायकलवर पोती लादून ती ढकलत चढ चढणारा माणूस त्यांनी पाहिला, आणि सायकलचे पुढचे चाक व हँडल घेऊन त्यामागे कोळप्याची, म्हणजे ओळींतले तण काढणाऱ्या अवजाराची, फास लावली. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांनी 1994 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, एनफिल्ड बुलेटचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि अवजारांची पट्टी बसवली. ‘बुलेट सांती’ नावाच्या त्या यंत्राला पुढे भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळाले. एक चाक काढून दोन लावण्यातच सारे मर्म आहे. इंजिन मूळचेच राहिले असते तरी चालले असते; कमी होती ती मातीवरची पकड, आणि जगाणींनी नेमकी तीच वाढवली. एटीव्हीचे मालक ज्या हिशेबावर अडखळतात, तो त्यांनी फार आधी सोडवला होता.

कुळव चालवताना गाडी कमी वेगाच्या गिअरमध्येच ठेवावी लागते. या गाड्यांत रबरी पट्ट्यावर चालणारी आपोआप गिअर बदलण्याची रचना असते, आणि वरच्या गिअरमध्ये जड ओढीखाली हळू चालवले की पट्टा घसरून तापतो आणि जळतो. रेडिएटरला वाऱ्याची सवय असते, इथे वारा नसतो, म्हणून चार-पाच तासांनंतर, म्हणजे घड्याळातल्या नव्हे, रानात काढलेल्या तासांनंतर, जरा थांबावे लागते. बैलांनाही विसावा द्यावाच लागे, त्यामुळे मला त्यात नवीन काही वाटत नाही. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य एवढीच ओल, मात्र दोन्हीकडे सारखाच कडक मालक आहे. इथला एप्रिल ओला असतो, जमीन वरून सुकलेली दिसते आणि मुठीत दाबली तर लाडू होतो. अशा वेळी गाडी घातली तर टायरांखाली माती घट्ट बसते आणि ढेकळे जुलैपर्यंत फुटत नाहीत. लाडू बोटाने टोचल्यावर फुटला, तर निघावे. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच्या आकारामुळे थोडी घाई करू शकतो, माझी गाडी करू शकत नाही.

कोळपणीत एटीव्ही फारशी उपयोगी नाही, हेही सांगितले पाहिजे. तिच्या मागच्या टायरची रुंदी दहा इंच आणि पोटाखालची मोकळी जागा फूटभर. कांद्याच्या ओळी तिच्या चाकांच्या मापाने घालायच्या तर निम्मे रान चाकांनाच द्यावे लागते, आणि मका गुडघ्याएवढा झाला की गाडी त्याला लोळवते. म्हणून ओळींमध्ये मी भिसे यांच्या पद्धतीचे, जुन्या सायकलच्या चाकाचे कोळपे हाताने ढकलतो.

सध्या डोक्यात पेरणीची तिफण आहे. तिची ओढ कुळवापेक्षा कमी, त्यामुळे गाडीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे चाड्याचा, म्हणजे ज्यातून बी खाली सोडतात त्या वाटीचा. आमच्याकडे चाड्यावर मूठ धरून आई चालत असे, आणि तिच्या बोटांतून बी ज्या लयीने सुटे, ती लय बैलाच्या चालीवर बसलेली होती. एटीव्ही कितीही हळू चालवली तरी ताशी चार किलोमीटरच्या खाली नीट चालत नाही, आणि तिच्यामागे ढेकळांतून त्या वेगाने चालत एकसारखी मूठ सोडणे कोणालाही जमणार नाही. तेव्हा जमिनीवरून फिरणाऱ्या चाकानेच बी मोजून सोडले पाहिजे, म्हणजे गाडी हळू झाली की बीही हळू पडेल. त्यासाठी सायकलची साखळी, दोन दातेरी चक्रे आणि खाचा पाडलेला एक लाकडी रूळ पुरेल असे वाटते. मक्याच्या दाण्याला खाच पाडणे सोपे आहे. कांद्याचे बी एवढे बारीक की त्याच्या खाचेला कोणते ड्रिल लावायचे, यावर आबांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.